फकीर नावाचं लेकरू

मेसमध्ये नवा मुलगा जेवायला आला की ताट वाढण्याआधी रत्नम्मा त्याला तीन गोष्टी विचारायच्या. नाव काय, गाव कोणतं, आणि आईबाप सख्खे आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला मुलं गडबडायची. कुणी मुखेडहून, कुणी किनवटहून लातूरला बारावीच्या क्लाससाठी आलेली, घर सोडून चार दिवस झालेली ती मुलं ‘सख्खेच आहेत, मावशी’ म्हणत मान खाली घालायची. जुनी मुलं हसायची. “जपून सांग रे, मावशी सोयरीक जुळवायल्यात,” असं कुणीतरी म्हणायचं, आणि रत्नम्माही हसून भाकरी वाढायच्या.

ओसरीच्या टोकाला बसलेले माधवराव गुरुजी मात्र हसायचे नाहीत. रत्नम्मा प्रत्येक मुलाच्या डाव्या मनगटाकडे का बघतात, हे त्यांना ठाऊक होतं. यंदा, दोन हजार चार साली, त्या जरा जास्तच बघत होत्या. कारण त्यांचा मुलगा असता तर यंदा बारावीलाच असता.

गुरुजींना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. बायको गेल्यापासून ते दोन्ही वेळा इथंच जेवत, आणि संध्याकाळी भाकरी थापायला येणाऱ्या बायकांची पाचसात लेकरं गोळा करून त्यांना बाराखडी, पाढे शिकवत. लेकरू अडलं तर दहा वेळा सांगत, अकराव्यांदा वेगळ्या तऱ्हेनं सांगत, पण कपाळाला कधी आठी पडत नसे. लोक म्हणायचे, असा मास्तर मिळायला भाग्य लागतं. ते ऐकलं की गुरुजी पाणी प्यायला उठत.

हे सगळं तेरणा नदीकाठच्या जांबवाडीत सुरू झालं होतं. रत्नम्माची पहिली दोन लेकरं वर्षाची व्हायच्या आत गेली. तिसऱ्या वेळी त्या मोहरमच्या पंजांसमोर पदर पसरून बसल्या. हे लेकरू जगू दे, ते तुझा फकीर होईल, असं बोलल्या. गळ्यात लिंगायताचं लिंग, देव्हाऱ्यात महादेव. पण मोहरमला गावात पीरांचे हे पंजे बसले की सगळं गाव पुढं असायचं, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मुलगा झाला. पीरांची सेवा करणाऱ्या मुजावरानं त्याच्या गळ्यात लाल-हिरवा नाडा बांधला. दरवर्षी मोहरमला खांद्याला झोळी अडकवून तो पाच घरी भिक्षा मागायचा, आणि मागून आणलेल्या पिठाची पहिली भाकरी त्यालाच मिळायची. नाव ठेवलं फकीरप्पा. घरात नुसता फकीर. असं हलकं नाव असलं की मरण दारातून बघतं आणि ‘इथं न्यायला काय आहे’ म्हणून पुढं जातं, असं रत्नम्मा म्हणायच्या. आणि लेकरू जगलं होतं. सहा वर्षांचं झालं होतं. चुलीजवळ धडपडताना तव्याचा चटका लागून डाव्या मनगटावर चिंचोक्याएवढा डाग पडला, त्यापलीकडं त्याला कधी काही झालं नव्हतं.

त्र्याण्णवच्या जूनमध्ये शंकरप्पा, म्हणजे फकीरचा बाप, त्याला शाळेत घालायला घेऊन आला. त्या काळी खेड्यात मुलाचं शाळेतलं नाव बहुतेक वेळा गुरुजीच ठरवत. जन्मतारीख माहीत नसली की एक जून लिहीत. दगडू आला तर त्याचा दत्तात्रय होई, केरबाचा केशव. त्यात आपण पुण्य करतो असंच सगळ्या मास्तरांना वाटायचं. माधवराव गुरुजींनीही दाखलखारिज रजिस्टर उघडलं आणि विचारलं, “नाव?”

“फकीरप्पा.”

“अरे, उद्या हा डॉक्टर झाला तर दारावर पाटी काय लावणार? डॉक्टर फकीर? लोक पेशंटच समजतील त्याला.”

शंकरप्पा हसला. गुरुजींनी लिहिलं, मृत्युंजय शंकरप्पा बिराजदार. शंकरप्पाला नाव आवडलं, पण तो जरा घुटमळला. “तेवढं घरी बोलू नगा, गुरुजी. ती भ्याती. नाव बदललं म्हणलं तर जेवायची न्हाई.”

“मोठा झाल्यावर सांगू,” गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी नेहमीच्या चिकाटीनं ते नाव लेकराच्या अंगात भिनवलं. रोज सकाळी उभं करून पूर्ण नाव, इयत्ता, शाळा म्हणायला लावायचं. न अडखळता म्हटलं की शेंगदाण्याची चिक्की. वर्गात कुणी ‘फकीर’ म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही, हा नियम. मध्येच गुरुजी स्वतः पाठमोरे होऊन हळूच ‘फकीर’ म्हणत, आणि तो फसला नाही की मोठ्यानं शाबासकी देत. पंधरवड्यात लेकरू पक्कं झालं. घरी फकीर, शाळेत मृत्युंजय. घरी काही बोलायचं नाही, हेही त्यानं पाळलं. गुरुजींचं आणि त्याचं ते गुपितच झालं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी गणपती उठले त्या दिवशी गुरुजी नांदेडला लेकीकडं होते. दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंपानं तिथंही भांडी वाजली. जांबवाडीत पोचायला त्यांना दोन दिवस लागले, आणि पोचले तेव्हा तिथं गाव नव्हतं. शंकरप्पा गेला होता. रत्नम्माचा पाय भिंतीखाली मोडला होता. फकीरला मात्र जिवंत काढून कुणीतरी जीपमध्ये घातल्याचं शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. पायाला फळ्या बांधून रत्नम्मा लातूर, उमरगा, सोलापूर असे तीन गावांचे दवाखाने हिंडल्या. प्रत्येक दारावर नावांचे कागद डकवलेले. वाचता येत नव्हतं. जो दिसेल त्याला म्हणायच्या, फकीर हाय का बघा. फकीर कुठंच नव्हता.

आठ दिवसांनी गुरुजी शाळेच्या मुलांची यादी घेऊन सोलापूरला गेले, तेव्हा त्यांना मृत्युंजय सापडला. दवाखान्याच्या रजिस्टरात. तीन तारखेला दुपारी गेलेला.

त्यांनी परत येऊन सांगायचं ठरवलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये रत्नम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुरुजींना बघून म्हणाल्या, “माझा फकीर जित्ता हाय गुरुजी. मेला असता तर कागदावर आला असता की.” गुरुजींनी पाय कसा आहे ते विचारलं. उद्या सांगू असं मनाशी म्हणाले, मग पाय बरा झाल्यावर, मग नवं गाव वसल्यावर. त्या लातूरला आल्या, मेस काढली, आणि गुरुजी त्यांच्या ओसरीवर येऊन बसायला लागले. अशी अकरा वर्षं गेली.

यंदाच्या दिवाळीनंतर मुखेडच्या नरसिंगनं जेवता जेवता सांगितलं, “मावशी, नांदेडला माझ्या भावाच्या क्लासात एक पोरगा हाय, फकीर नावाचा. किनवटच्या आश्रमशाळेत वाढलाय. भूकंपातला हाय म्हणतेत.”

रत्नम्माच्या हातातलं वरणाचं पातेलं तसंच राहिलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं, हात पुसले आणि ओसरीकडं बघितलं.

“गुरुजी, उद्याची पहिली गाडी किती वाजता हाय?”

याआधीही असे निरोप आले होते. एकदा पुण्याच्या संस्थेतून, एकदा उदगीरहून. दर वेळी गुरुजी सोबत गेले होते, आणि दर वेळी वाटेत सांगून टाकू असं ठरवून गेले होते.

एसटी अहमदपूरच्या पुढं गेली. रत्नम्मांनी मांडीवर शेंगांच्या पोळ्यांची पुरचुंडी घट्ट धरली होती. बराच वेळ बाहेर बघून त्या म्हणाल्या, “एक विचारू का गुरुजी? फकीर म्हंजे खरं काय हो? आमच्यात सगळे म्हणायचे भिकारी. मी आपलं नवसाचं ठेवलं.”

शिकवायचं म्हटलं की गुरुजींचा आवाज आपोआप हळू आणि स्पष्ट व्हायचा. आज तो तसा झाला नाही. पण ते सांगायला लागले.

“शब्द अरबी आहे, रत्नम्मा. मीही निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चार इयत्ता काढल्या, तरी मला भिकारी एवढाच अर्थ माहीत होता. नंतर नांदेडला एका म्हाताऱ्या मौलवींकडं गेलो, त्यांनी जाडजूड कोश काढला. फकीर म्हणजे ज्याला गरज आहे तो. पाठीच्या मणक्यांना अरबीत त्याच कुळीतला शब्द आहे. काही जुने पंडित म्हणतात, ज्याचा कणा मोडलाय, दुसऱ्यानं हात दिल्याशिवाय ज्याला उठता येत नाही, तो फकीर.”

“आन मग सादू लोकांला का म्हणतेत?”

“त्यांनी ते आपणहून घेतलं. आम्हाला देवाच्या हाताशिवाय उठता येत नाही, म्हणून आम्ही फकीर. मग तो मानाचा किताब झाला. मोठमोठे विद्वान पुस्तक लिहून झालं की शेवटी सही करताना आपल्या नावाआधी लिहायचे, फकीर अमुक अमुक. आपल्याकडं आला तेव्हा गोसाव्यालाही फकीर म्हणायला लागले, दारात येणाऱ्यालाही. आणि तुमच्यासारख्यांनी तो लेकरांना दिला.”

“म्हंजे चांगलं हाय.”

“फार चांगलं आहे.”

“मंग लोक हसायचे ते येड्यावाणीच हसायचे,” रत्नम्मा म्हणाल्या आणि समाधानानं पुरचुंडी नीट केली. “तुमाला कधीपासून ठावं हाय हे?”

“भूकंपानंतरच्या वर्षी कळलं.”

“आन मला आज सांगायलाव.”

गुरुजी खिडकीकडं तोंड करून बसले.

नांदेडला क्लासच्या बाहेर सायकलींची दाटी होती. नरसिंगच्या भावानं आत जाऊन एका सडपातळ मुलाला बोलावून आणलं. मुलगा आला, दोघांना बघून बावचळला आणि सवयीनं वाकून पाया पडला. रत्नम्मांनी त्याला उठवता उठवता त्याचा डावा हात धरला, बाही वर सारली आणि मनगट उलटंसुलटं करून बघितलं. अंगठ्यानं दोनदा चोळलंसुद्धा, जणू डाग मळाखाली लपला असावा. मनगट कोरं होतं.

“कुठला रं तू बाळा?”

“किनवटच्या पलीकडचा, मावशी. गावात शाळा न्हवती म्हणून आश्रमशाळेत होतो. आईबाबा हायत माझे, आत्ताच कापूस वेचायला लागलेत. भूकंपातला तो माझ्या शेजारच्या कॉटवरचा, भुजंग. त्याला मामानं वाढवलं.” मग तो ओशाळून म्हणाला, “ह्यानं आमच्या दोघांची खिचडी केली वाटतं.”

नरसिंगचा भाऊ मान खाजवत उभा राहिला.

“असू दे,” रत्नम्मा म्हणाल्या. “घे, पोळ्या खा. तुझं नाव कुणी ठेवलं?”

“आजीनं. माझ्याआधीचे दोघं गेले होते म्हणं.”

रत्नम्मांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पोळी मोडून खाता खाता त्या मुलानं सगळी हकीकत विचारून घेतली, आणि मग फार जपून म्हणाला, “मावशी, पण तो लई लहान होता की. आता मोठा झाला असंल, दाढीमिशा आल्या असतील. तुमी त्याला कसं ओळखाल? आन तो तुमाला?”

“नावानं,” रत्नम्मा म्हणाल्या. “कितीबी गर्दीत असू दे, मी फकीर म्हणून हाक मारली की ओ देतो त्यो. खेळात असला, झोपंत असला तरी. कधीच चुकला न्हाई.”

गुरुजींनी शेजारच्या सायकलीच्या सीटवर हात टेकला.

परतीच्या गाडीत दुपारचं ऊन येत होतं. लोह्यापर्यंत रत्नम्मा पुढचं ठरवत होत्या. किनवटकडं अजून आश्रमशाळा आहेत म्हणे, एकदा सगळ्या बघून यायच्या. त्या भुजंगाच्या मामालाही विचारायचं, जीपमधून नेलेल्या लेकरांचं काही कानावर आलं होतं का ते. “सुट्टीत जाऊ गुरुजी. पोरं गावाला गेली की मेस बंदच असती.”

“रत्नम्मा,” गुरुजी म्हणाले, “आता कुठंही जायचं नाही.”

“का? दमलाव का?”

“फकीर नाही राहिला. त्याच वेळी गेला. सोलापूरच्या दवाखान्यात, चौथ्या दिवशी. मला तेव्हापासून माहीत आहे.”

त्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही; लेकरू न समजलेल्या गणिताकडं बघतं तसं.

“मी गेले होते की सोलापूरला. कागद वाचून घेतला. नाव न्हवतं.”

मग गुरुजींनी सांगितलं. रजिस्टर, शंकरप्पा, मृत्युंजय, चिक्की. आयुष्यभर त्यांनी अवघड गोष्टी सोप्या करून सांगितल्या होत्या, पण ही सोपी गोष्ट सांगताना त्यांना तीनदा थांबावं लागलं. पुढच्या बाकावरचा माणूस एकदा मागं वळून बघून पुन्हा पुढं तोंड करून बसला.

“मी गेलो तेव्हा तिथल्या सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, फार हुशार लेकरू होतं. नाव विचारलं की तोंडपाठ सांगायचं, मृत्युंजय शंकरप्पा बिराजदार, इयत्ता पहिली, शाळेसकट. एकदाही अडखळलं नाही.”

रत्नम्मांनी रिकाम्या पुरचुंडीची गाठ बांधली आणि सोडली.

“आणि त्या म्हणाल्या...” गुरुजींना वाटलं इथंच थांबावं, एवढं पुरे आहे. पण अकरा वर्षं ते थांबलेच होते. “त्या म्हणाल्या, दोन तारखेला एक बाई दारात आली होती, पायाला फळ्या बांधलेली. गर्दीमुळं कुणालाच आत सोडत नव्हते. फकीर आहे का विचारत होती. म्हणून सिस्टरनी प्रत्येक खोलीत जाऊन मोठ्यानं विचारलं, फकीर कोण आहे? कुणी ओ दिली नाही.”

गाडी कुठल्याशा फाट्यावर थांबली, दोन बायका चढल्या, गाडी निघाली.

“जागा होता का त्यो तवा?” रत्नम्मांनी विचारलं.

“हो. जागा होता.”

“मंग त्यानं ऐकलं असंल.”

“हो.”

“त्याला वाटलं असंल, गुरुजीच परीक्षा घेतेत.”

गुरुजींनी तोंडावर रुमाल धरला. रत्नम्मांनी त्यांना रडू दिलं. धीर दिला नाही की रागही काढला नाही. मग त्यांनी एवढंच विचारलं, “मला बोलावत होता का?”

“अव्वा म्हणत होता. सिस्टर म्हणाल्या, आम्ही अव्वाचं नाव विचारलं तर त्याला ते सांगता आलं नाही.” गुरुजींचा आवाज पार खाली गेला. “आईचं नाव मी शिकवलंच नव्हतं त्याला.”

गाडी लातूरला पोचली. स्टँडवर उतरल्यावर गुरुजी त्यांच्यापासून दोन हात लांब उभे राहिले. माणसं धक्के मारून जात होती, क्लासची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन गाड्यांमागं धावत होती.

“कुठं ठेवलंय त्याला?”

“सोलापूरलाच. आडनाव बघून आपल्या मठाच्या स्वामींनी मी पोचायच्या आधीच रीतीनं केलं सगळं, बसवून, विभूती लावून पुरलं. मी दगड बसवलाय. दर वर्षी जातो.”

“दगडावर काय लिहिलंय?”

“शाळेतलंच.”

रत्नम्मा मान हलवत राहिल्या. “मला त्या नावानं रडता यायचं न्हाई, गुरुजी. मी त्या नावाचं लेकरू कधी बघितलंच न्हाई.”

“मी बदलून घेतो. उद्याच जातो.”

“तुमी जाऊ नगा.” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमी आता माझ्या ओसरीवर बी येऊ नगा. बायकांची लेकरं मी पाठवून देते तुमच्या घरला, त्यांचं शिकणं मोडू नगा. दगडाचं मी बघते.”

त्यांनी रिकामी पुरचुंडी झटकली, तिची घडी करून पिशवीत ठेवली, आणि चार पावलं जाऊन परत फिरल्या. पिशवीतून मेसचा हिशोब पोरांकडून लिहून घ्यायचं पेन काढून त्यांनी गुरुजींच्या हातात दिलं आणि आपला तळहात पुढं केला.

“हितं लिवून द्या. दगडवाल्याला दाखवाय. मला लिवाय येत न्हाई.”

गुरुजींनी तो खरबरीत हात एका हातानं धरला. चारचौघांत, स्टँडच्या गर्दीत, पाटीवर पहिलं अक्षर काढणाऱ्या लेकरासारखे ते जपून, एकेक वळण घोटत लिहू लागले. ‘फकीर’ ही तीन अक्षरं झाल्यावर ते थांबले, आणि रत्नम्मा म्हणाल्या, “पुरं लिवा.”